भोरांसाठी खात्रीचा माल

टेस्ट लीड विकत घेताना तिची मान वाकवून बघावी. नाशिकच्या त्या दुकानात हे मी इतक्या जणांना सांगितलं, की पुढं पुढं ओळखीचं गिऱ्हाईक आत शिरतानाच विचारायचं, "सांगा बाई, आज कुणाची मान वाकवू?"

ज्यांचा या धंद्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर बिघडला की कारागीर मीटर काढतो. मीटरला दोन वायरी असतात, एक लाल, एक काळी, आणि दोन्हींच्या टोकाला सुई. सुई जिथं टेकवाल तिथली वीज मीटरचा काटा दाखवतो. या दोन वायरी म्हणजे टेस्ट लीड. लोक मीटर घ्यायला वर्षभर थांबायचे आणि लीड मात्र मिळेल ती उचलायचे. बाजारातल्या लीडचं वरचं प्लॅस्टिक जाडजूड, आत तांब्याच्या तारा केसासारख्या आणि त्याही चार-दोन. सुईजवळ, म्हणजे मानेपाशी, वायर सारखी दुमडते, तिथं त्या आतल्या आत तुटायच्या. वरून काही दिसायचं नाही. हात हलला की काटा उठायचा, पुन्हा हलला की पडायचा. कारागिराला वाटायचं पार्टच गेला. मग तो चांगला पार्ट उपटून काढायचा, नवा लावायचा, त्याचाही काटा पडायचा. डॉक्टरच्या तपासायच्या नळीला भोक पडावं आणि त्यानं धडधाकट माणसाला मेला म्हणून सांगावं, तशातली गत.

मी त्या दुकानात कशी आले, तेही थोडक्यात सांगते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आम्ही बौद्ध. वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या गोदामावर हमाल होते. आमच्या घरातच काय, आमच्या सगळ्या आळीत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवावा असं कारण मला अजून कुणी दाखवलेलं नाही. शाळांमध्ये अर्ज केले. बी.एड. नाही म्हणून कुणी उभं करीना. शालिमारच्या बाजूला एका सिंधी शेठचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांना हिशोबाला माणूस पाहिजे होता. मी हिशोब करता करता काउंटरवर आले आणि मग तिथंच राहिले. सत्तरचं दशक निम्मं उलटलेलं होतं. काउंटरमागं बाई बघून लोक दारातच थबकायचे.

"दुकानात कुणी माणूस नाही का?"

"माणूसच बसलंय. काय पाहिजे बोला."

शेठचं नाव लालचंद. माणूस वाईट नव्हता, पण माझ्या एका सवयीनं त्याचं डोकं उठायचं. मी प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरवर लावून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तपासून मगच द्यायची. लीडची मान वाकवून दाखवायची. काटा हलला तर ती लीड बाजूला.

"पगारेबाई," शेठ म्हणायचा, "माल विकायचा असतो. त्याची परीक्षा घ्यायची नसते."

"नापास माल दिला तर गिऱ्हाईक परत येतं, शेठ."

"आने दो ना! परत आलं की दुसरं काही घेऊन जातं."

परीक्षा घेण्याला कारण होतं. मुंबईहून येणाऱ्या मालात काय असेल त्याचा नेम नसायचा. साधा ट्रान्झिस्टर असायचा, त्याच्यावरचा नंबर घासून काढून वर भारी नंबर छापलेला. नखानं खरवडलं की शाई निघायची. कंडेन्सर नवेकोरे दिसायचे, पण कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडून आतून सुकलेले. सुकलेला कंडेन्सर सर्किटात लावला की मरत नाही, खरखरतो. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, मधूनच एक जोराचा धक्का. अॅम्प्लिफायरवाले या आवाजाला फार भ्यायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक जण सटाण्याकडून रेडिओ धोतरात गुंडाळून आणायचा आणि काउंटरवर ठेवून म्हणायचा, "बाई, जित्ता शे, पन बोलस नही." कॅम्पातला एक हवालदार टाळी वाजवली की पेटणारा दिवा करत होता. तो झाला, पण कॅम्पात सरावाच्या तोफा सुटल्या की तेव्हाही पेटायचा, म्हणून घरच्यांनी तो काढायला लावला. असे हौशी लोक मला आवडायचे. त्यांना घाई नसते. आज नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात येऊ, म्हणतात.

घोटीच्या भोरांना मात्र घाई होती.

काशिनाथ भोर घोटीला एका भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. कपड्यांवर कायम कोंड्याची पांढरट धूळ. शिक्षण सातवीपर्यंत, पण हात बारीक कामाचा. आसपासच्या गावांतले रेडिओ तेच उघडायचे. पहिल्यांदा आले ते एक मासिकातलं पान घडी करून घेऊन. पानावर बहिऱ्या माणसाच्या यंत्राचं सर्किट होतं, तीन ट्रान्झिस्टरचं.

"हे सगळं पाहिजे," ते म्हणाले. "आन खात्रीचं पाहिजे, ताई. माझ्या पोरीसाठी हाय."

पोरीचं नाव सुमन. दोन वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यातून उठली ती हाक मारली तरी बघेना. आता शाळेत घालायचं वय झालं होतं. नाशकातल्या एका डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, थोडंफार ऐकू येत असलं तर यंत्रानं भागेल. तयार यंत्राचा भाव ऐकून भोर तिथून उठले होते. गावच्या शाळेचे गुरुजी भले होते. ते म्हणाले, "हजेरीला तिचं नाव घेतल्यावर तिनं हात वर केला, तर मी तिला बसवून घेतो. तेवढं सुद्धा नाही ऐकलं तर मी काय शिकवू?" नाही तर मुक्या-बहिऱ्या मुलांची वसतिशाळा नाशकात होती. तिथं मूल ठेवून यायचं.

"तिची आई नाय म्हणती," भोर म्हणाले. "मी बी नाय म्हणतो. एवढीशी पोर लोकांत ठेवायची, आन तिला सांगायचं तरी कसं, का ठेवली म्हणून? जूनच्या आत मला यंत्र करायचंय."

मी माल काढून दिला. प्रत्येक ट्रान्झिस्टर लावून दाखवला. त्यांनी माझा हात चालताना बघितला, मग त्यांनीही एकदा लावून बघितला. शेठ मागून म्हणाला, "दोघं मिळून कॉलेज काढा आता."

महिन्याभरानं ते मुलीला घेऊनच आले. यंत्र साबणाच्या डबीत बसवलं होतं, गुलाबी प्लॅस्टिकच्या. झाकणाला मायक्रोफोनसाठी भोकं पाडलेली, गळ्यात अडकवायला नाडी, एक वायर वर कानातल्या इअरफोनकडे गेलेली. सुमन दोन वेण्यांची, सावळी, डोळे सारखे इकडून तिकडे. काउंटरवर हनुवटी टेकवून तिनं माझ्या मागच्या डब्यांचे रंग न्याहाळले.

भोरांनी बटण दाबलं. मी इअरफोन आधी माझ्या कानाला लावला. तडतड, तडतड, मग एक दणका. त्याच्यामागं कुठंतरी, घरात भांडण चाललं असताना शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसे, भोरांचे शब्द.

"खरखर फार आहे, भोरभाऊ."

"हाय. पन आता बघा."

त्यांनी इअरफोन सुमनच्या कानात बसवला. जरा वेळ काही नाही. मग खरखरीतला एक दणका बसला असावा. पोरीनं एकदम मान वळवली, डोळे मोठे केले आणि खुदकन हसली. कानावर हात ठेवून वडिलांकडे बघितलं.

"बघितलं?" भोर एवढ्या जोरात म्हणाले की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. "बघितलं का, ताई? ऐकलं तिनं!"

मी बघितलं होतं. शेठनंही बघितलं होतं. तोंडातली सुपारी चघळायची थांबवून तो म्हणाला, "अरे, ही तर ऐकते!"

पुढचं सगळं त्या हसण्यावर उभं राहिलं. भोरांचा हिशोब सरळ होता आणि मलाही तो सरळच वाटला. पोरीला खरखर ऐकू येते. म्हणजे कान जिवंत आहे. खरखरीखाली शब्द दबलेत. खरखर काढली की शब्द वर येतील. आमच्या धंद्यात कुठलीही अडचण आली की तिचं उत्तर मालात सापडायचं. यंत्र चालत नाही, म्हणजे कुठला तरी पार्ट खोटा. आम्ही दुसरीकडं कधी बघितलंच नाही, कारण बघायची गरज कधी पडली नव्हती.

मग आम्ही खरखरीच्या मागे लागलो. दर आठ-पंधरा दिवसांनी, गिरणीला सुट्टी असेल तसे, भोर घोटीहून बसनं यायचे. आधी ट्रान्झिस्टर बदलले. कमी खरखरीचा म्हणून एक वेगळा नंबर मिळतो. शेठकडे आलेल्या सगळ्या नगांवर मी नख फिरवलं तर निम्म्यांची शाई नखाला आली. उरलेल्यांतले निवडून दिले. खरखर थोडी कमी झाली. भोर खुश. पण पुढच्या खेपेला चेहरा पडलेला.

"दुसरा ट्रान्झिस्टर गेला, ताई. काटाच उठत नाय."

मी तो माझ्या मीटरवर लावला. ठणठणीत होता.

"लीड दाखवा तुमची."

त्यांनी पिशवीतून लीड काढली. मी मान वाकवली तर काटा फांदीवरून माकडानं उडी मारावी तसा खाली. त्या लीडच्या भरवशावर त्यांनी घरी कितीतरी चांगले पार्ट काढून टाकले होते. काढताना कथील वितळवायचं सोल्डरिंग आयर्न लागून तापलेले, ते खरंच मेलेले. मी दुकानातली दुसरी लीड दिली. ती महिना टिकली नाही. तिसरी दिली. शेठनं ती मोफत दिली हे लिहिलं पाहिजे, कारण त्यानं आयुष्यात दुसरं काही मोफत दिल्याचं मला आठवत नाही.

मे महिना लागला होता. भोर म्हणाले, "गुरुजी विचारत व्हते. म्हनले, झालं का तुमचं मशीन? मी म्हनलं, मशीन झालंय, माल मिळंना."

तेव्हा मला कॅम्पाची आठवण झाली. लहानपण तिथलंच. कॅम्पाच्या बाजाराच्या टोकाला हनीफचाचांचं भंगाराचं गोदाम होतं. लष्कर जुनं सामान लिलावात काढायचं, ते चाचा घ्यायचे. फुटके कंदील, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांतच कधीकधी रेडिओ-टेलिफोनची खोकी. वडिलांना ते ओळखत होते, मला फ्रॉकात असताना बघितलेलं. मी एका रविवारी गेले.

"अरे, पगारेकी बेटी! कॉलेजवाली! काय पाहिजे, बेटी? तोफ विकली कालच."

"तोफ नको, चाचा. वायर पाहिजे. मीटरच्या लीड, मऊवाल्या."

त्यांनी एका पेटीकडे बोट केलं. मी दुपारभर त्या पेटीत डोकं घालून बसले. ग्रीसचा वास, हाताला काळं. तळाशी एक जोडी सापडली. रबर मऊ, पण कुठं तडा नाही. टोकाशी थोडं सोलून बघितलं तर आत तारा इतक्या बारीक आणि इतक्या दाट की रेशमाची लड वाटावी, वर कथलाचा हात दिलेला. मी तिची गाठ मारली, पिरगाळली, पुन्हा सोडली. सापासारखी सरळ झाली. एका मोडक्या सेटमध्ये कंडेन्सरही मिळाले, धातूच्या टोपणात बंद केलेले, हवा शिरायला जागा नाही असे. घरी नेऊन तपासले. एकही गळत नव्हता.

अशी वस्तू हातात आली की मला आनंद होतो. आजही होतो. कुणीतरी कुठंतरी चुकारपणा न करता काम केलंय आणि ते आपल्या हातात आहे. त्या रविवारी परतीच्या गाडीत ती लीड मी पर्समध्ये नाही, मांडीवर घेऊन बसले होते. वाटलं, झालं आता काम.

भोरांना निरोप पाठवला. येताना ते सुमनला आणि तिच्या आईलाही घेऊन आले. मुलगी पहिल्यांदा बापाचं बोलणं ऐकणार, तर आई पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पार्वतीबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. उंच, किडकिडीत. कपाळावर गोंदण. दुकानात शिरल्या, पण काउंटरजवळ आल्या नाहीत. दाराशी स्टूल दिलं तिथं बसल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. शेठनं स्वतः चहा सांगितला.

मी जुना कंडेन्सर काढून डब्यात टाकला. आम्ही काढलेला माल एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. नवा बसवला. मग मीटर पुढ्यात घेतलं, कॅम्पातली लीड लावली. भोर मासिकातल्या पानावरचा आकडा वाचायचे, मी सुई टेकवायची. काटा निघायचा, आकड्यापाशी जायचा आणि उभा राहायचा. हलत नव्हता. मी मुद्दाम लीडची मान वाकवली. तरी नाही. पहिला ट्रान्झिस्टर बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. भोरांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी इअरफोन कानाला लावला, आणि खरं सांगते, मी दचकले. खरखर नावाला नव्हती. चार हातांवर बसलेल्या शेठच्या दाढेखाली सुपारी फुटली ती ऐकू आली. बाहेर टांग्याचा घोडा उभा होता, त्यानं नाल आपटला. पार्वतीबाईंनी पदर सारखा केला त्याची सळसळ. एवढं स्वच्छ यंत्र त्या दुकानातून आधी कधी गेलं नव्हतं, नंतरही गेलं नाही.

"भोरभाऊ, ऐका."

त्यांनी ऐकलं. मान हलवत राहिले. मग सुमनला उचलून काउंटरवर बसवलं, डबी गळ्यात घातली, इअरफोन कानात नीट बसवला आणि तिच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले, म्हणजे तिला ओठ दिसू नयेत.

"सुमन."

ती पाय हलवत बसली होती. समोरच्या भिंतीवर रेझिस्टन्सच्या रंगीत पट्ट्या लटकत होत्या, त्या बघत होती.

"सुमन. ए सुमन."

मी आवाज वाढवायची चकती फिरवली.

"सुमे! सुमन भोर!"

ही हजेरी होती, माझ्या लक्षात आलं. गुरुजी घेतील तशी. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, प्रत्येक वेळी थोडं मोठ्यानं. आवाज एवढा झाला की शेठ खुर्चीतून उठला. सुमननं इअरफोन हातानं चाचपला, डबी उलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. आधीच्या वेळी त्यात काहीतरी व्हायचं, आता होत नाही, असं ते बघणं होतं.

"लीड बघा, ताई," भोर म्हणाले.

मी पुन्हा मोजलं. सगळे आकडे तेच.

"इअरफोन बघा."

मी कानाला लावला. त्यांचाच श्वास ऐकू आला. त्यांना दिला. त्यांनी लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग खोटं काय हाय?" ते मला विचारत होते. "ताई, ह्याच्यात खोटं काय राह्यलं?"

मला फिजिक्स येत होतं. आवाज म्हणजे हवेचा धक्का, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कानात घट्ट बसवलेल्या इअरफोनमध्ये दणका बसला तर तो बहिऱ्या कानालाही जाणवतो, कातडीला जाणवतो, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. पोर कधीच ऐकत नव्हती. त्या सडक्या कंडेन्सरचे धक्के तिच्या कानाला लागत होते. मी मीटरचा काटा बघत राहिले.

बोलल्या त्या पार्वतीबाई, दाराशी बसूनच.

"खोटं काय नाय. उठा आता."

"तू थांब. ताई बघत्यात."

"काय बघायचं राह्यलं?" आवाज चढलेला नव्हता. "तापातून उठली ना ती, तवाच मी तिच्यामागं पितळी आपटली व्हती. चुलीपाशी. एकदा नाय, लय वेळा. पार चेमटली पितळी. ती राखंत रेघोट्या मारत बसली."

भोर वळले. "मंग मला का नाय सांगितलं?"

"तुमचे हात चालत व्हते," त्या म्हणाल्या. "म्हनलं चालू द्या."

चहा आला होता. कुणी घेतला नाही. शेठ उगाच कपाट उघडून आत काहीतरी शोधायला लागला, त्याची पाठ आमच्याकडे होती. भोर काउंटरला हात टेकून उभे होते. सुमन त्यांच्या बाहीवरचा कोंडा बोटानं टिपत होती.

मग त्यांनी विचारलं, "ताई, जुना कंडेन्सर कुठं टाकला?"

"डब्यात. का?"

"तो द्या."

"भोरभाऊ, तो खराब आहे."

"म्हाईत हाय. त्योच द्या. त्येच्यात ती हसायची."

मी डब्यात हात घातला. आमच्या दुकानात काढलेला माल परत द्यायचा नाही, हा नियम मीच घातलेला. त्या डब्यात तसे खूप होते, पण तो लगेच सापडला, त्याच्या पायांना नवीन कथील चमकत होतं. भोरांनी माझ्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं. धातूच्या टोपणातला तो चांगला कंडेन्सर स्वतःच्या हातानं काढला आणि माझ्यापुढे ठेवला. जुना बसवला. बटण दाबलं.

थोडा वेळ गेला आणि सुमननं मान वळवली. हसली. डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पुढच्या धक्क्याची वाट बघत डोळे मिटून बसली. भोर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी तिला काउंटरवरून उतरवलं.

तिघं बसस्टँडकडे गेले. मी लीड मीटरभोवती गुंडाळून ठेवली.

शेठ म्हणाला, "पगारेबाई, आज लवकर जा घरी." मी गेले नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, त्याला लाउडस्पीकरचा डायफ्रॅम पाहिजे होता.

भोर पुन्हा आले नाहीत. त्यांच्याकडचे रेडिओ आता दुसरा कुणीतरी उघडतो, असं घोटीचं एक गिऱ्हाईक म्हणालं. एखाद्या माणसातला चांगला कारागीर संपतो तेव्हा धंद्यात ते कळतं. ऑर्डरी बदलतात, प्रश्न बदलतात. पुढची कैक वर्षं मी तसाच माल तपासून विकला. लोक म्हणायचे, शालिमारच्या त्या बाईकडे खात्रीचा माल मिळतो. ऐकून बरं वाटायचं. पण चांगल्या मालानं माणसाचं भलंच होतं, असं मात्र मी त्यानंतर कुणाला म्हणाले नाही. खरा काटा खरं दाखवतो. तेवढंच त्याचं काम. पुढं काय करायचं ते काट्याला विचारून उपयोग नसतो.

त्याच वर्षी, शाळा सुरू होऊन काही दिवस झाले असतील. पार्वतीबाई एकट्याच दुकानात आल्या. हातात रिकामी कापडी पिशवी. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"सुमीला ठिवून आले," त्या म्हणाल्या. "मुक्या पोरांच्या शाळंत. हे आले नाय. गिरणीत माल आलाय म्हनले."

"राहिली ती?"

"गेटापातुर बोट धरून आली. मंग समजलं तिला." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिथल्या बाईंनी डबी काढून कपाटात ठेवली. म्हनल्या, ह्याचा काय उपयोग नाय, नुसता आवाज करतीया, बाकीची पोरं ओढत्याल. बाईंचं बी बरोबर हाय. पन सुमीनं माझा हात सोडला नाय. रडती तरी आवाज नाय फुटत नीट."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं ठेवला.

"एक इचारू का, ताई? तुम्ही शिकलेल्या हायेत म्हनून इचारते. ते खरखरतं ना, तवा तिला आत काय होत आसंल?"

मी विचार केला. हवेचा धक्का, कानाचा पडदा, कातडी. यातलं एकही त्यांच्या कामाचं नव्हतं.

"गुदगुल्या होत असतील," मी म्हणाले. "कुणीतरी कानात फुंकर घातल्यासारखं."

"फुंकर." त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. "मंग तर पाहिजेच तिला ती डबी."

घोटीच्या गाडीची वेळ झाली होती, मी तसं म्हणालेही. पार्वतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, पिशवीची घडी घातली आणि स्टँडकडे न जाता उलट्या दिशेनं, शाळेकडे चालायला लागल्या.